महाबळेश्वरच्या माथ्यावरील माणसे

कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून ज्या क्षेत्र महाबळेश्वरी पूर्वी यात्रेकरूंचाच काय तो राबता असे, त्याच्या लगतचा डोंगरमाथा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली खंडाळा गावाच्या मोबदल्यात कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाची पेठ तेथे वसली. तेथल्या रानातले धावड लोक दगडापासून लोखंड गाळीत. पण जंगलाचे कायदे कडक होऊन कोळशासाठी लाकूड मिळेनासे झाले, तसा तो धंदा बसला व भाते ओढणारे हात मोलमजुरीस लागले.

याहून नवलाची हकीकत चिनी व मलायी बंदिवानांची. समुद्रापलीकडून आणलेले हे कैदी, १८६४ साली तेथील तुरुंग उठेपर्यंत, वाफ्यांत बटाटे व विलायती भाज्या पिकवीत आणि वेताच्या टोपल्या विणीत. या बागाइतीचे श्रेय साहेबांच्या हौसेस देण्याचा प्रघात आहे. ती माती प्रत्यक्ष कोणी खणली, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. आज त्याच परिसरातील शेतकऱ्यांचे मुख्य पीक स्ट्रॉबेरी असून, २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.