शिट्टी ऐकू आली नाही तर?



मी सॉफ्टवेअर लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. आज मात्र पोहण्याच्या तलावाबद्दल बोलणार आहे. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. तो बोलत नाही, पण पोहतो छान. नवी मुंबईतल्या एका तलावावर त्याला प्रवेश नाकारताना आम्हाला विचारलं गेलं, "मुलगा बोलत नाही, मग पाण्यात काही झालं तर लाइफगार्डला कळणार कसं?" प्रश्न रास्त होता. त्यावर दार बंद करणं हे उत्तर मात्र पटलं नाही.

बोलण्यातली अडचण पोहण्याच्या आड येतेच असं नाही. मुंबईतल्या नौसैनिकाची मुलगी जिया राय हिला ऑटिझम आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या १२ व्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली, ८ तास ४० मिनिटांत. जुलै २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली.

दुसऱ्या एका तलावाने आम्हा चार पालकांना एक सकाळ दिली. समोर सहा जीवरक्षक होते. पहिला विषय निघाला शिट्टीचा. श्रवणयंत्र वापरणारी बरीच मुलं पाण्यात उतरताना ते काढून ठेवतात; काठावर ऐकणारं मूल पाण्यात ऐकत नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांना शिट्टी इतकी बोचते की ती कान झाकून घेतात. जीवरक्षकाला वाटतं, हा ऐकत नाही, म्हणून तो आणखी जोरात वाजवतो. "ठीक आहेस ना?" असं विचारलं, तर काही मुलं तेच शब्द परत म्हणतात. तो होकार नसतो.

आमच्या कामात संदेश पाठवला म्हणजे पोहोचला, असं धरत नाहीत. पलीकडून पोच यावी लागते. तेच तिथे सांगितलं. मुलाच्या समोर या. एका वेळी एकच सूचना द्या, हाताच्या खुणेने किंवा चित्रकार्डाने. मनात दहापर्यंत मोजा. मुलाने तसं केलं की पोच मिळाली. जीव धोक्यात दिसला तर मात्र वाट पाहू नका. आणि पालकांना आधीच विचारून ठेवा, घाबरल्यावर हा काय करतो? माझा मुलगा घाबरला की हसतो. त्यावर एक जीवरक्षक म्हणाला, "म्हणजे हसतोय म्हणून नजर काढायची नाही." मला तेवढंच हवं होतं.

ही सोय फक्त आमच्या मुलांसाठी नाही. जपानच्या हवामान खात्याने २०२० मध्ये त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा स्वीकारला. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना तो दिसतो. लाटांच्या आवाजात भोंगा न ऐकू आलेल्यांनाही दिसतो. शिवाय बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. तेव्हा खुणा ओळखणारी नजर सगळ्यांनाच लागते.

तुमच्यापैकी बरेच जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि कित्येक सोसायट्यांत तलाव आहे. तुमच्या जीवरक्षकांसाठी एक सकाळ काढा. वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. तिथल्या शिक्षकांचा सल्ला घ्या. काठावर चार कार्डं ठेवा: थांब, काठ धर, बाहेर ये, मदत हवी? नमुने मी बरोबर आणलेत. चहाच्या वेळी न विसरता घेऊन जा.