घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, तरी बस चुकली

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं, तसंच जवळपास ठेवलं आहे.)

इअरफोन लावलेत? एसटीत असाल, लायब्ररीत असाल, नाहीतर शेतात मोटर चालू करून बांधावर बसला असाल, तर आधी एक काम करा. तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवा. ते किती मिनिटं पुढे आहे?

बघा, "पुढे आहे का" असं मी विचारलंच नाही. कारण आपल्याकडे वाशिमपासून कारंज्यापर्यंत कुठल्याही घरात जा, घड्याळ पुढेच असतं. कुणाचं पाच मिनिटं, कुणाचं दहा. आमचं पंधरा होतं. पाहुणा आला आणि घड्याळ बघून दचकला, की आई लगेच म्हणायची, "बसा हो, ते पुढं हाय."

आज याच पंधरा मिनिटांची गोष्ट सांगतो. यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून सांगतो.

आमचं गाव मंगरुळपीर तालुक्यात. बी.एस्सी. झालं होतं आणि एका सरकारी भरतीची परीक्षा होती. सेंटर अकोला. गेट साडेनऊला बंद. गावातून पहिली एसटी साडेसहाची. ती मिळाली की मंगरुळपीर, तिथून दुसरी गाडी, आणि नऊच्या आसपास अकोला. सगळा हिशेब आदल्या रात्री करून ठेवला होता.

रात्री लाईट गेली. फोन चार्जिंगला लावलेला, तो तसाच पडला. सकाळी बघतो तर फोन बंद. पण मला टेन्शन नव्हतं, भिंतीवर घड्याळ होतं ना. चहा घेतला, हॉल तिकीट पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. घड्याळात सहा पस्तीस. मी मनात पंधरा वजा केले. म्हणजे सहा वीस. स्टँड दोन मिनिटांवर. आरामात निघालो.

स्टँडवर कुणीच नव्हतं. टपरीवाला म्हणाला, "गेली न बे, कवाचीच."

पळत घरी आलो. बाबा ओट्यावर उभे. मी म्हटलं, "बाबा, घड्याळ?" ते म्हणाले, "घड्याय म्या काल बरोबर केलं न बापू. नवा सेल टाकला. तुह्या परीक्षेच्या दिवशी टाइम चुकाले नको म्हणून."

कळलं ना काय झालं? घड्याळ अगदी बरोबर होतं. चुकीची होती ती माझी वजाबाकी. त्यानंतर काळीपिवळी धरून अकोल्याला पोहोचलो तेव्हा नऊ पन्नास झाले होते. गेटवरच्या माणसाशी भांडायलाही तोंड नव्हतं. वेळ हॉल तिकिटावर छापलेली होती. त्या पदाची पुढची जाहिरात यायला दोन वर्षं लागली.

बाबांनी त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवलं. मला ते परीक्षेपेक्षा जास्त लागलं.

नंतर मी या घड्याळावर खूप विचार केला. आपण घड्याळ पुढे करतो ते कुणाला फसवायला? स्वतःलाच ना! पण ज्यानं फसवायचं आणि ज्याला फसवायचं, ते दोघं एकाच डोक्यात राहतात. पहिले चार दिवस जमतं. सात वाजलेले बघून धस्स होतं आणि आपण उठतो. पाचव्या दिवशी डोकं म्हणतं, "अरे, पंधरा मिनिटं आहेत अजून." महिन्याभरात ही वजाबाकी इतकी सवयीची होते, की आपण ती करतोय हेही कळत नाही. घड्याळ पुढे असतं आणि आपण होतो तिथेच.

आता गंमत ऐका. तुमचं घड्याळ मोबाईलशी अगदी सेकंदाला जुळत असलं, तरी वाशिममध्ये ते आधीच एकवीस मिनिटं पुढे आहे!

कसं ते सांगतो. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाते. वाशिम आहे साधारण ७७.१ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मधल्या सव्वापाच-साडेपाच अंशांचे झाले एकवीस-बावीस मिनिटं. म्हणजे सूर्य मिर्झापूरच्या डोक्यावर आल्यावर एवढ्या वेळानं आपल्या डोक्यावर येतो. आपल्या हातातलं घड्याळ मात्र मिर्झापूरकडचं. विश्वास नसेल तर अंगणात काठी रोवा आणि सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघा. बारा वाजता नाही होणार. वर्षाची सरासरी काढली तर बारा एकवीसच्या आसपास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाच मिनिटांवर, फेब्रुवारीत पार पस्तीसच्या पुढे.

जुनं माप माहिती आहे? एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, अशा साठ घटकांचा दिवस. लग्नात पूर्वी पाण्याच्या भांड्यात तळाला छिद्र असलेली वाटी सोडत, ती बुडाली की एक घटका. म्हणजे आपण वाशिमवाले सूर्यापेक्षा जवळपास एक घटका पुढे जगतोय, आणि तरी उशिरा पोहोचतोय!

आणि हे कुठल्या गावात? ज्या गावावरून कधीकाळी वेळेची शून्य रेषा धरत, त्या गावात. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकात एक भास्कर होऊन गेले. लीलावतीवाले नव्हेत, ते बाराव्या शतकातले. हे त्यांच्या आधीचे, म्हणून यांना पहिले भास्कर म्हणतात. त्यांच्या 'महाभास्करीय' ग्रंथात मध्यरेषेवरच्या गावांची यादी आहे. लंकेपासून निघून मेरूपर्यंत जाणारी रेषा, आणि तिच्यावर अवंती म्हणजे उज्जैन, आणि आपलं वत्सगुल्मसुद्धा. वाशिममध्ये मध्यमेश्वराचं मंदिर आहे. ते या रेषेवर आहे असं गावात सांगतात. आजच्या नकाशावर वाशिम आणि उज्जैन एका रेषेत नाहीत, सव्वा-दीड अंशाचा फरक आहे. वेळेत म्हणाल तर पाच-साडेपाच मिनिटं. पण त्या काळात एवढ्या लांबची गावं एका रेषेत मांडायची म्हणजे साधं काम नव्हतं.

घड्याळ पुढे करण्यावरून आपल्या राज्यात भांडणंही झाली आहेत. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. आता गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून बघा. भोंगा सकाळी ठरलेल्या आकड्याला वाजणार, पण घड्याळच ३९ मिनिटं पुढे सरकवलेलं. म्हणजे अंधारात उठा! विरोध झाला. मुंबई महापालिकेनं तर जुनी मुंबई वेळच धरून ठेवली, थेट १९५५ पर्यंत. एकाच शहरात रेल्वेची वेळ एक आणि पालिकेची दुसरी. कुणी भेटायचं ठरवलं की आधी विचारायचं, कुठल्या घड्याळानं?

दुसऱ्या महायुद्धात तर सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. आसामच्या चहाच्या मळ्यांत अजूनही 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे, कारण तिकडे उजाडतंच लवकर.

मग तिथे चालतं आणि आमच्या भिंतीवर का चालत नाही? तिथे सगळे मिळून पुढे जातात. मळ्याचा भोंगा, मुकादम, ट्रॅक्टर, सगळे त्याच तासावर. वजाबाकी करून फायदाच नाही, कारण काम त्याच वेळेला सुरू होणार. आमच्या घरात फक्त घड्याळ पुढे होतं. एसटी तिच्या वेळेनंच येत होती.

इंग्लंडच्या राजानंही हे करून पाहिलंय. सातव्या एडवर्डनं सँड्रिंगहॅमच्या वाड्यातली घड्याळं अर्धा तास पुढे ठेवली होती, शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. त्याच्या मुलानं तीच प्रथा चालू ठेवली. १९३६ मध्ये नातू गादीवर आला आणि त्यानं ती बंद केली. राजाला जे तिसऱ्या पिढीपर्यंत टिकवता आलं नाही, ते आपण सेल बदलेपर्यंत टिकवणार!

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. काही जण फोनचंच घड्याळ पुढे करतात. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक वेळ बंद करतात आणि दहा मिनिटं वाढवतात. नका करू, खरंच सांगतो. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो आणि बरीच कामं त्या वेळेवर चालतात. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड साधारण दर तीस सेकंदांनी बदलतो, आणि तो तुमच्या फोनच्या घड्याळावरून बनतो. घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर कोड चुकीचा येणार. ऐन फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी लॉगिन होणार नाही आणि तुम्ही वेबसाइटला शिव्या देत बसाल.

मग उशीर होतोच का? मला वाटायचं, मी आळशी आहे म्हणून. पण फक्त आळस नाही. आपला अंदाज चुकतो. कॅनडात १९९४ साली एक अभ्यास छापून आला. ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ही हुशार मुलं होती बरं का. आपण अंदाज करताना सगळं सुरळीत होईल तसा दिवस डोळ्यापुढे आणतो. चप्पल सापडते, गाडीत पेट्रोल असतं, रेल्वे फाटक उघडं असतं. असा दिवस वर्षातून दोनदा येतो.

म्हणून मी आता तीन गोष्टी करतो. पटल्या तर घ्या.

पहिली, मोजायचं. उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो, ते तीन दिवस फोनच्या स्टॉपवॉचवर लावून बघा. मी सगळ्यांना वीस मिनिटं सांगायचो. निघाले सदतीस. ते बघून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

दुसरी, पोहोचायची वेळ लिहून ठेवायची नाही, निघायची लिहायची. "साडेनऊला परीक्षा" असं नाही. "सहा वीसला दाराबाहेर." अलार्मला नाव देता येतं, तिथे हेच लिहा. घड्याळ खरंच ठेवा, निघणं पुढे करा. दोन्हीतला फरक छोटा वाटतो, पण यात वजा करायला काही उरत नाही.

तिसरी, मोठ्या दिवसासाठी एक गाडी आधीची. गेट बंद होणार असेल अशा कुठल्याही कामाला. नीटवाले ऐकताय ना? तिथे परीक्षा दोनची असली तरी गेट दीडला बंद होतं. शक्य असेल तर आदल्या रात्रीच त्या शहरात जाऊन मुक्काम करा. नातेवाईक नसेल तर मित्राची रूम बघा. एक तास लवकर पोहोचून बाहेर बसून राहणं बोअर आहे, मान्य. बंद गेटसमोर उभं राहणं कसं असतं, ते मी पाहिलंय.

आणि हो, हे इतरांनाही लागू आहे. लग्नपत्रिकेवर आपण अकराचा मुहूर्त छापतो आणि मनात साडेबारा धरतो. पाहुणेही साडेबारा धरतात. मग पुढच्या वेळी आपण साडेदहा छापतो. सगळ्यांना सगळं माहिती असलं की पुढे केलेल्या वेळेचा उपयोग शून्य. त्यात मरण कुणाचं? जो खरंच अकराला येऊन खुर्चीवर बसतो त्याचं.

शेवटी बाबांचं सांगतो. त्या दिवसानंतर त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. सेल संपला तरी मला हाक मारायचे, "तूच कर बापू." मी त्यांना कितीदा म्हटलं, बाबा, चूक तुमची नव्हती, तुम्ही तर बरोबर केलं होतं. ते मान हलवायचे, पण पटलेलं दिसायचं नाही.

दोन वर्षांनी तीच परीक्षा पुन्हा आली. आदल्या रात्री मी अकोल्यात मित्राकडे होतो. पहाटे साडेपाचला फोन वाजला. बाबा. म्हणाले, "उठला काय रे? आपल्या घड्यायात साडेपाच झाले. बरोबर साडेपाच. म्या मोबाईलशी पाहून घेतलं."

परीक्षेचं काय झालं ते पुढच्या कुठल्यातरी भागात सांगीन. त्या दिवशी मी गेटच्या आत होतो, एवढं आज पुरे.

तुमच्या घरचं घड्याळ किती पुढे आहे? आज घरी गेल्यावर बघा, आणि बरोबर करणार असाल तर घरातल्या सगळ्यांना सांगून करा. विसरू नका.

चला, भेटूया पुढच्या भागात. राम राम!