अमेरिकन लोकशाही आणि त्रासलेला मतदार



अमेरिकेच्या राजकारणावर बोलण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले, की साता समुद्रापलीकडच्या निवडणुकांशी आपल्याला काय कर्तव्य? त्याचे उत्तर या सभामंडपातच आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत. त्यांतील काही तिथले नागरिक होऊन मतदानही करतात. त्यांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते, ती ही की, मत द्यावे तरी कोणाला? हा उमेदवार पसंत आहे म्हणून नव्हे, तर तो दुसरा येऊ नये म्हणून याला मत द्यायचे. आपल्याकडे यालाच दगडापेक्षा वीट मऊ असे म्हणतात. गॅलप संस्थेच्या अलीकडच्या पाहण्यांत ४० टक्क्यांहून अधिक अमेरिकन प्रौढ आपण कोणत्याच पक्षाचे नाही, असे सांगतात. आणि तरीही सत्ता डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन पक्षांतच फिरत राहते. हे असे का व्हावे, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

पुष्कळांचे म्हणणे असे, की माणसेच बिघडली. आमच्या मते हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. माणसे कोणत्या चाळणीतून निवडून येतात, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली. तीत राजकीय पक्ष हा शब्दही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली राष्ट्राला निरोप देताना पक्षवृत्तीपासून सावध राहण्याचा इशारा दिला होता. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १८०० च्या निवडणुकीत, ॲडम्स आणि जेफर्सन यांच्या रूपाने दोन पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले. घटनाकारांनी पक्षांची भीती बाळगली, पण पक्षांसाठी कसलीही व्यवस्था केली नाही. रोग ओळखला, पण औषध लिहून ठेवले नाही!

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. १९५० साली अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील तक्रार आजच्या नेमकी उलट होती. पक्षांत शिस्त नाही, दोघांच्या कार्यक्रमांत स्पष्ट भेद नाही, मग मतदाराने निवड कशी करावी, असा तिचा रोख होता. त्या काळी दक्षिणेतले डेमोक्रॅट सनातनी असत आणि ईशान्येकडचे कित्येक रिपब्लिकन उदारमतवादी असत. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांवर संमत झाला आणि त्याला विरोधही दोन्ही पक्षांतून झाला. विद्वानांनी मागितलेला भेद आज भरपूर मिळाला आहे, आणि मतदार मात्र अधिकच कष्टी झाला आहे. तेव्हा केवळ पक्षभेद हा रोग नव्हे.

आता ती चाळणी पाहू. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. पुढाऱ्यांनी ठरविले आणि झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर रक्त सांडले. त्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार निवडण्याचा अधिकार मुख्यतः प्राथमिक निवडणुकांकडे, म्हणजे सामान्य मतदारांकडे आला. हेतू उत्तम होता. परंतु या निवडणुकांना येतो कोण? २०१६ साली दोन्ही पक्षांच्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुका मिळून पात्र मतदारांपैकी ३० टक्क्यांहून कमी लोकांनी मतदान केले. जे आले, त्यांत कडव्यांचा आवाज मोठा. बाकीचे नोव्हेंबरात येतात, तेव्हा पान वाढून झालेले असते.

आपल्याला जवळचे एक उदाहरण घ्या. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री. श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून, डेट्रॉइट परिसरातून, प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. मराठी माणसाला त्याचे कौतुक वाटावे हे स्वाभाविकच आहे. पण आकडे पाहा. प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला; त्यामुळे नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. यात त्यांचा काही दोष नाही. नियमच तसे आहेत. खरा निर्णय ऑगस्टमध्येच झाला होता, आणि असे बालेकिल्ले दोन्ही पक्षांकडे भरपूर आहेत. अशा ठिकाणच्या प्रतिनिधीला विरोधी पक्षाचे भय नसते. भय असते ते आपल्याच पक्षातल्या अधिक कडव्या प्रतिस्पर्ध्याचे. मग तो तडजोड कशाला करील?

बालेकिल्ले काही आपोआप उभे राहतात, काही मुद्दाम बांधले जातात. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली मतदारसंघांच्या वेड्यावाकड्या आखणीवर सही केली. त्यांतल्या एकाचा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसला, आणि 'गेरीमँडर' हा शब्द जन्माला आला. पक्षहितासाठी केलेल्या अशा आखणीत संघीय न्यायालये हात घालू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. २०२५ साली टेक्सासने रिपब्लिकनांच्या सोयीने नवी आखणी केली. लगेच कॅलिफोर्नियाने, नागरिकांच्या आयोगाने केलेली आखणी बाजूला सारून, डेमोक्रॅटांच्या सोयीची आखणी मतदारांकडून मंजूर करून घेतली. मतदाराने प्रतिनिधी निवडावा ही लोकशाही. येथे प्रतिनिधीच मतदार निवडू लागले!

मग तिसरा का निवडू नये? १९९२ साली रॉस पेरो यांनी ते करून पाहिले. जवळजवळ १९ टक्के लोकांनी त्यांना मते दिली. निर्वाचक मंडळात त्यांना मिळालेली मते मात्र शून्य. ज्याला सर्वांत जास्त मते, त्यालाच सर्व काही, असा नियम असला, की तिसऱ्याला दिलेले मत वाया जाण्याची भीती वाटते, आणि मतदार पुन्हा विटेकडे वळतो.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस, खर्चाच्या मंजुरीवरून दोन पक्षांचे जुळेना म्हणून संघीय सरकारचे मोठे कामकाज बंद होते. त्या वेळेपर्यंतची ती सर्वांत लांब टाळेबंदी. विमानांना वाट दाखविणारे कर्मचारी पगाराविना राबत होते आणि काही सरकारी नोकरांवर दानाच्या शिध्यासाठी रांगेत उभे राहण्याची पाळी आली. कायदेमंडळाच्या सभासदांचे वेतन मात्र घटनेने व कायद्याने सुरक्षित! सामान्य माणसाच्या मनात कडवटपणा साठतो, तो असा.

तथापि निराश होऊन बसण्याचे कारण नाही. नेब्रास्काचे विधिमंडळ १९३७ पासून एकाच सभागृहाचे असून मतपत्रिकेवर तिथे उमेदवाराचा पक्ष छापत नाहीत. मेनच्या मतदारांनी २०१६ साली पसंतिक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारली. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडला, तर मत दुसऱ्याकडे जाते, वाया जात नाही. अलास्काने २०२० साली सर्वांसाठी एकच प्राथमिक निवडणूक आणि नंतर पसंतिक्रम अशी सांगड घातली. ती मोडण्याचा प्रस्ताव २०२४ साली अगदी थोड्या मतांनी फसला. त्याच वर्षी कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा, ऑरेगन या राज्यांनी पसंतिक्रमाचे प्रस्ताव नाकारले, हेही सांगितले पाहिजे. नवा नियम म्हणजे जादूची कांडी नव्हे, आणि त्रासलेला मतदारसुद्धा सवयीची वाट सहजी सोडीत नाही.

आमच्या मते त्रागा दोन प्रकारचा असतो. सगळे सारखेच म्हणून घरी बसविणारा एक. त्याचा लाभ नेमका त्यांनाच होतो, ज्यांच्यामुळे त्रागा आला, कारण जितके कमी मतदार, तितके मूठभरांचे वजन अधिक. दुसरा त्रागा विचारतो, की हा उमेदवार माझ्यासमोर आला कसा, कोणी आणला, कोणत्या नियमाने? तो मतदाराला नोव्हेंबरात नव्हे, तर ऑगस्टात घराबाहेर काढतो आणि आखणीच्या नकाशाकडे डोळे उघडून पाहायला लावतो. अमेरिकेत जी थोडी सुधारणा झाली, ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी सह्या गोळा करून, दारोदार हिंडून घडविली आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांशी बोलताना त्यांना एवढेच विचारा, की प्राथमिक निवडणुकीला तुम्ही गेला होता का?