श्रद्धेची झडती कशाला?



१९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आपला हेतू त्यांना जिल्हाधिकाऱ्यास पटवून द्यावा लागला नाही.

उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने मात्र धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यास कळवायचे आणि पोलिसांनी त्याचा हेतू तपासायचा! बळजबरीस शिक्षा हवीच. पण मनाची झडती कशासाठी? घटनेच्या २५ व्या कलमातील विवेकस्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीचे आहे. म्हणूनच नागरी हक्क संघटनांनी अशा कायद्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हा लढा केवळ अल्पसंख्याकांचा नव्हे. ज्या हक्काच्या बळावर दलितांनी अस्पृश्यतेचे जोखड झुगारले, त्याच हक्काच्या रक्षणाचा आहे.