पोराच्या बाजूनं कोण?

(सोलापुरातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी वकील नाही. काळा कोट माझ्याकडं नाही. तरी मी कोर्टात जातो, अत्याचार झालेल्या पोरांसोबत बसायला. २०१२ च्या पोक्सो कायद्याखालच्या नियमांत अशा माणसाला साहाय्यक व्यक्ती म्हणतात. बालकल्याण समिती त्याला पोराच्या आणि आईबापाच्या संमतीनं नेमते. तारीख कधी, आत काय होणार, भरपाई कुठं मागायची, हे त्यानं पोराला त्याच्या बोलीत सांगायचं. अमेरिकेत सिएटलच्या डेव्हिड सूकप ह्या न्यायाधीशानं १९७७ साली साध्या नागरिकांनाच पोरांच्या वतीनं कोर्टात उभं केलं. तिकडं त्याची चळवळ झाली. आपल्याकडं अजून माणसं शोधावी लागतात.

पोर आणि कायदा ही जोडी सोलापूरला नवी नाही. इथं सेटलमेंट होतं. तारेचं कुंपण, रोजची हजेरी. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सरकारला मुभा दिली होती, ह्या जमातींची पोरं आईबापापासून तोडून सुधारशाळांत घालायची. पोरानं काय केलं हा प्रश्नच नव्हता. १९५२ साली कायदा गेला. भीती राहिली. आजही समितीचं नाव काढलं की विड्या वळणारी बाई विचारते, 'माज्या पोरीला न्हेणार का ओ?'

तिला काय सांगणार? २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो, पोराची पहिली जागा कुटुंब, संस्था हा शेवटचा उपाय. पण कागद भरणारा पांढरपेशा वस्तीत येतो, पोराचे मळके कपडे बघतो आणि 'दुर्लक्षित' लिहून मोकळा होतो. आई लूमवर पाळीला गेलीय हे त्याला दिसत नाही. गरिबी वेगळी, हेळसांड वेगळी. हा फरक वस्तीतल्या माणसाला चटकन कळतो, म्हणून तिथं आपण पाहिजे.

कायद्यात बरंच चांगलं लिहिलंय. पोराचा जबाब पोलिसानं वर्दीत घ्यायचा नाही. पोराला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. वकिलानं प्रश्न न्यायाधीशाकडं द्यायचे, न्यायाधीशानं पोराला विचारायचे. आरोपी पोराच्या नजरेला पडता कामा नये. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष, शक्यतो वर्षात निकाल. पण कुणी बोट ठेवल्याशिवाय कलम हलत नाही. एका ठाण्यात साहेब वर्दीतच नऊ वर्षांच्या पोरीसमोर बसले. मी कलम २४ दाखवलं. साहेब चिडले, पण उठून साधा शर्ट घालून आले. पोरगी तेव्हा कुठं बोलली.

एक मात्र करायचं नाही. पोराला उत्तरं पढवायची नाहीत. पढवलेली साक्ष उलटतपासणीत फाटते, आणि पोर स्वतःला खोटारडं समजायला लागतं.

आता जरा टोचेल असं बोलतो. आरोपी सवर्ण असला की आपला मोर्चा तासाभरात निघतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावा म्हणून आपण कलेक्टर कचेरी दणाणून सोडतो. सोडलीच पाहिजे. पण आरोपी आपल्याच गल्लीतला, नात्यातला निघाला की? जुनी खोडं 'समाजाची अब्रू' काढतात. पंच बसतात, रक्कम ठरते, पोरीच्या आईला गप्प बसवतात. त्या दिवशी आपला झेंडा कुठं असतो? अब्रू पोरीची गेलेली नसते, करणाऱ्याची गेलेली असते. आणि माहीत असून न कळवणं हा पोक्सोत गुन्हा आहे. पंचांच्या तोंडावर हे सांगायला तुमच्यातले किती जण उठतील, मला बघायचंय.

ज्यांचं समाजकार्याचं शिक्षण झालंय त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नाव द्यावं. शिक्षण-अनुभवाच्या अटी आहेत, त्या तिथं कळतील. बाकीच्यांनी १०९८ हा नंबर वस्तीच्या भिंतींवर रंगवावा. आणि आणखी एक काम आहे. एका आईची मंगळवारी तारीख आहे. तिची मजुरी बुडणार, शिवाय घरी दोन धाकटी आहेत. त्यांना दिवसभर सांभाळायला दोघं पाहिजेत. नाव विचारू नका. भाषण संपल्यावर मला भेटा.