भीती विकत घेता येते तेव्हा

कवी माणूस आकाशवाणीवर आला की पाऊस, आई नाहीतर गाव यांवर बोलणार, असं तुम्ही धरूनच चालला असाल. मी आज भुतांविषयी बोलणार आहे. मला भुतांच्या गोष्टींचा नाद आहे आणि तो जुना आहे. लहानपणी नानी कंदिलाच्या उजेडात जिन्नांचे किस्से सांगायची. पुढे वाचनालयात नारायण धारप भेटले, मग रत्नाकर मतकरी. बी.ए.च्या पुस्तकाखाली रहस्यकथा दडवून वाचणाऱ्या पिढीतला मी.

माझी भाची न्यू जर्सीत असते. २०२३च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो. तिनं विचारलं, ‘‘मामू, तुम्हाला काय बघायचंय? नायगारा?’’ मी म्हटलं, ‘‘बेटा, नायगारा फोटोत पाहिलाय. मला भुतांच्या जागा दाखव.’’ ती हसली, पण तिनं गाडी काढली.

पहिली फेरी हडसन नदीकाठच्या स्लीपी हॉलोची. वॉशिंग्टन अर्विंग या लेखकानं १८२० मध्ये मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराची गोष्ट लिहिली, ती याच भागातली. इथल्या दफनभूमीतच अर्विंगची कबर आहे. गंमत अशी की, या गावाचं नाव पूर्वी नॉर्थ टॅरीटाउन होतं. १९९६ मध्ये इथला मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव गावाला दिलं. कारखाना गेला, तेव्हा भूत गावाच्या कामी आलं.

दुसरी फेरी फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाची. १८२९ मध्ये सुरू झालेला हा तुरुंग १९७१ मध्ये बंद झाला. कैद्याला अगदी एकटं ठेवलं की तो मनाशी विचार करील आणि सुधारेल, ही इथली मूळ कल्पना. कोठडीबाहेर नेताना त्याच्या डोक्यावरून टोपडं ओढत, म्हणजे दुसऱ्या माणसाचं तोंडही दिसू नये. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये हे पाहून गेला आणि त्यानं या पद्धतीवर कडक टीका केली. आता शरद ऋतूत तिथं रात्री भुताटकीचे खेळ होतात आणि त्या तिकिटांच्या पैशांतून पडक्या वास्तूची निगा राखली जाते. आम्ही भर दुपारी गेलो होतो. भूत एकही नव्हतं. पण त्या अरुंद कोठडीत मिनिटभर उभं राहवेना.

ऑगस्ट उजाडला आणि हॅलोविनची दुकानं लागायला सुरुवात झाली. सण ३१ ऑक्टोबरचा, पण आपल्याकडे गणपतीच्या आधी मूर्तींचे मांडव लागतात, तशी बंद पडलेल्या दुकानांच्या रिकाम्या गाळ्यांत ही दुकानं काही महिन्यांपुरती थाटतात. आत रबरी हात, फोमची थडगी, धूर सोडणारी यंत्रं, पाय पडला की किंचाळणारी पुतळी. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीनं बारा फुटी सांगाडा विकायला आणला, किंमत २९९ डॉलर, आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेनं २०२३ साली हॅलोविनवर लोक १२ अब्ज २० कोटी डॉलर खर्च करतील, असा अंदाज दिला होता. मी तिथं दोन तास रमलो. भाचीची सात वर्षांची मुलगी सोबत होती. तिनं चेटकिणीची काळी टोकदार टोपी निवडली आणि ती डोक्यावरून उतरवायला तयार होईना.

ती टोपी घालूनच ती आमच्याबरोबर सेलमला आली. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव म्हणजे भूतप्रेमींची पंढरी. पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण, शाळेच्या संघाचं नाव चेटकिणी, जिकडेतिकडे झाडू, मांजरं आणि मेणबत्त्या. पोर खूश. मीही खूश.

मग आम्ही जुन्या दफनभूमीशेजारच्या स्मारकाशी आलो. १९९२ मध्ये, त्या खटल्यांना तीनशे वर्षं झाली तेव्हा ते बांधलं गेलं. दगडी कुंपणातून बाहेर आलेली वीस बाकं. प्रत्येकावर एक नाव, मरणाची तारीख आणि मरण कसं आलं ते. प्रवेशाच्या फरशीवर आरोपींनी ‘मी निर्दोष आहे’ म्हणून काढलेले उद्गार कोरलेत, आणि मधेच भिंत येऊन ते तुटतात. नातीनं विचारलं, ‘‘नाना, यांतली चेटकीण कुठली?’’

मी म्हटलं, ‘‘एकही नाही.’’

श्रोतेहो, १६९२ च्या सुरुवातीला तिथल्या पाद्र्याच्या घरातल्या दोन मुलींना झटके येऊ लागले. वैद्यानं निदान केलं, बाहेरची बाधा. मुलींनी आधी कोणाकडे बोट दाखवलं? एक टिटुबा नावाची गुलाम बाई, एक भीक मागणारी, एक आजारी म्हातारी. ज्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं, त्या. पुढे बोटं वाढत गेली. दीडशेहून अधिक माणसं अडकली. सारा गुड या भिकारणीच्या चार-पाच वर्षांच्या पोरीलाही तुरुंगात टाकलं. ‘हिचं भूत रात्री येऊन मला चिमटे काढतं,’ एवढं कोणी सांगितलं की न्यायालय तो पुरावा मानी. एकोणीस जणांना फासावर दिलं. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यानं खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तेव्हा त्याला अंगावर दगड रचून मारलं.

यात मला सगळ्यात जास्त खुपली ती एक गोष्ट. ज्यांनी ‘हो, मी चेटूक केलं’ असं खोटं कबूल केलं, ते बहुतेक जगले. ज्यांनी खोटं बोलायला नकार दिला, ते मेले. रिबेका नर्स ७१ वर्षांची होती. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आरडाओरडा केला, न्यायाधीशांनी पंचांना फेरविचाराला धाडलं आणि निकाल फिरला. जॉर्ज बरोज हा तर स्वतः धर्मोपदेशक. चेटूक करणाऱ्याला येशूची प्रार्थना न चुकता म्हणता येत नाही, असा तेव्हाचा समज. बरोजनं फासाखाली उभं राहून ती अखंड म्हटली. तरी त्याला लटकवलं. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून रात्रभर झोप आली नाही.

शेवटच्या आरोपीचं नाव निष्कलंक व्हायला २०२२ साल उजाडलं. एलिझाबेथ जॉन्सन तिचं नाव. शाळेतल्या मुलांनी आपल्या शिक्षिकेसोबत पाठपुरावा केला, म्हणून ते झालं.

ही दूरदेशीची, सव्वातीनशे वर्षांपूर्वीची हकिकत म्हणून सोडून देता आली असती. पण चेटकीण, भुताळी, डाकीण हे शब्द आपल्या भाषेतलेच आहेत, आणि ते बायांच्या अंगावर दगडासारखे पडलेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं जाहीर करणं त्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय. सेलममध्ये असा कायदा असता, तर त्या दगडी बाकांची गरज पडली नसती.

माझा भुतांच्या गोष्टींचा नाद काही सुटलेला नाही, सुटायचंही कारण नाही. पुस्तकातली भीती पान मिटलं की संपते, तिकिटाची भीती दाराबाहेर आलं की संपते. शेजाऱ्याकडे बोट दाखवणारी भीती मात्र तशी संपत नाही, आणि ती फुकट मिळते.

ऑक्टोबर सरताना भाचीनं फोटो पाठवला. तीच टोपी घातलेली नात, हातात झोळी, आणि अमेरिकन शेजारीणबाई दार उघडून तिला खाऊ देतायत. दोघी हसतायत. मी तो फोटो जपून ठेवलाय.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)