पोटातलं आम्ल, रक्तातला सामू आणि आपलं स्वादुपिंड
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘आरोग्यावर बोल, पण जेवणाच्या आधी आटप.’ विषय शोधायला वेळ लागला नाही. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शरीर आम्लधर्मी झालं की रोग होतात, ते अल्कलाइन ठेवा, स्वादुपिंड साफ होईल, शुगरची गोळी सुटेल. त्याखाली कधी अल्कलाइन पाण्याच्या यंत्राची जाहिरात असते, कधी सकाळी उपाशीपोटी सोडा टाकून लिंबूपाणी घ्यायचा सल्ला. आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले. बऱ्याच जणांना शुगर आहे, बीपी आहे. परवा आपल्यातल्याच एकाने फोन केला, ‘अबे, ते पाणी सुरू केलं, आता इन्सुलिन बंद केलं तर चालते का?’ त्याला फोनवर उत्तर दिलंच. पण असा प्रश्न मनात असूनही फोन न करणारे जास्त असतात, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलतो.

आधी सामूबद्दल. शाळेत आपण लिटमस कागद बुडवला आहे. निळा लाल झाला की आम्ल, लाल निळा झाला की आम्लारी. शेतकरी मित्रांना तर हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे, कारण माती तपासून आणली की पत्रिकेवर जमिनीचा सामू लिहिलेला असतो. ही मोजपट्टी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सेन या शास्त्रज्ञाने मांडली. 7 म्हणजे उदासीन, खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्कली. लक्षात ठेवायचं ते एवढंच की या पट्टीवर एक घर सरकलं की फरक दहापट होतो.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. मेहकर, सुलतानपूर करत आपली सहल लोणारला जायची. त्या तळ्याच्या पाण्याचा सामू साधारण 10. एके काळी त्यातून खार काढत, तो साबण आणि काच बनवायला जाई. आणि आपल्या जठरातल्या रसाचा सामू साधारण 2. म्हणजे आठ घरांचा फरक, दहा कोटी पट. अल्कलीनेच आरोग्य मिळत असतं, तर लोणारच्या लोकांनी तळ्याचंच पाणी भरलं असतं. पण तिथे प्यायला वापर झाला तो गोड्या झऱ्यांचा आणि विहिरींचा.

आता शरीरात शिरू. ‘शरीराचा सामू’ अशी एक गोष्टच नसते. घरात चूल वेगळ्या खोलीत आणि धान्याची कोठी वेगळ्या खोलीत असते, तसं हे आहे. जठरात 1.5 ते 3.5 एवढं तीव्र आम्ल लागतं. त्याने अन्नातले जंतू मरतात आणि प्रथिनं पचायला सुरुवात होते. रक्ताचा सामू मात्र 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यातच राहतो. तो सांभाळायला फुप्फुसं श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीतून काढतात. म्हणून लघवीचा सामू 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो. कुणी तुमच्या लघवीत कागद बुडवून ‘बघा, तुमचं शरीर आम्लधर्मी झालं’ म्हणालं, तर समजा की तुमची मूत्रपिंडं त्यांचं काम नीट करत आहेत.

मग जठरातून हे आम्ल पुढे लहान आतड्यात गेलं, तर आतडं भाजत कसं नाही? इथे स्वादुपिंड येतं. जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांबीचं, जेमतेम शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर वजनाचं हे इंद्रिय. त्याची कामं दोन. एक म्हणजे इन्सुलिन बनवून रक्तात सोडणं. दुसरं म्हणजे रोज लिटर-दीड लिटर पाचक रस आतड्यात ओतणं. या रसात पिष्ट, प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं असतात, आणि त्यासोबत बायकार्बोनेट असतं. म्हणजे आपला खाण्याचा सोडा, शरीराने स्वतः बनवलेला. ढोबळ हिशेब केला तर दिवसाला दहा ग्रॅमच्या वरच.

हा सोडा कधी सोडायचा, हे स्वादुपिंडाला कळतं कसं? 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी ते शोधलं. आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचलं की आतड्याच्या अस्तरातून सिक्रेटिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला निरोप देतं. माणसाला सापडलेलं हे पहिल्या हार्मोनांपैकी एक. गंमत बघा, स्वादुपिंडाला कामाला लावणारा निरोप आम्लानेच निघतो. ज्या आम्लाला आपण शिव्या देतो, ते या व्यवस्थेचा भाग आहे.

आता त्या महागड्या पाण्याचा हिशेब. पाण्यात दुसरं काही विरघळलेलं नसेल आणि सामू 9 असेल, तर असं पेलाभर पाणी निकामी करायला जठरातल्या रसाचे चार-पाच थेंब पुरतात. एखाद्या पाण्यात क्षार जास्त असतील तर थोडे जास्त थेंब लागतील, एवढंच. ते पाणी स्वादुपिंडापर्यंत अल्कली म्हणून पोहोचतच नाही. ‘लिंबू पोटात गेलं की अल्कलाइन होतं’ यात मात्र थोडं तथ्य आहे. लिंबातलं सायट्रेट शरीरात वापरलं गेलं की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि लघवी थोडी अल्कलीकडे झुकते. काही मुतखड्यांत त्याचा फायदा होतो. रक्ताचा सामू त्याने बदलत नाही आणि शुगरही जात नाही.

एक घोटाळा आपल्या भाषेतलाही आहे. छातीत जळजळलं की आपण म्हणतो ‘पित्त झालं’. ते असतं जठरातलं आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि तो आम्ल नसतो. हा भेद सांगतो, कारण पित्तरसाची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. त्या तोंडाशी पित्ताशयातला खडा अडकला, तर स्वादुपिंडाचा रस तुंबतो. एरवी निद्रिस्त असणारी विकरं आतल्या आत जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. यालाच स्वादुपिंडदाह म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातलाच एक चाळिशीचा शेतकरी अकोल्याला माझ्याकडे आला. लग्नाचं जेवण झालं, रात्री पोट दुखायला लागलं. घरच्यांनी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा दिला, दुसऱ्या दिवशी कुणीतरी पित्ताची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी आणला तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसला होता, पाठ टेकवता येत नव्हती. रक्तातलं लायपेज खूप वाढलेलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. बारा दिवस दवाखान्यात राहिला. वाचला, पण त्या वर्षीचं सोयाबीन सगळं दवाखान्यात गेलं. पहिल्या रात्रीच आला असता तर त्रास आणि खर्च दोन्ही कमी झाले असते. सोड्याने तीन दिवस खाल्ले, हे त्या सोड्याचं खरं नुकसान.

खड्यांनंतर दुसरं मोठं कारण दारू. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी खूप वाढली तरी हा आजार होतो. दारू आणि धूम्रपान वर्षानुवर्षं चालू राहिलं तर स्वादुपिंड हळूहळू सुकतं. मग बायकार्बोनेट कमी पडतं, आतड्यात आम्ल उरतं आणि त्या आम्लात चरबी पचवणारं विकर नष्ट होतं. शौच तेलकट, तरंगणारं होतं, वजन उतरतं, शुगर सुरू होते. अशा रुग्णाला आम्ही विकरांच्या कॅप्सूल देतो. त्यांवर जठरातल्या आम्लात न विरघळणारं आवरण असतं. आम्ल आणि स्वादुपिंड यांचा खरा संबंध हा असा आहे. आणि खर्रा खाणाऱ्यांनी हसू नये. न जाळता खायच्या तंबाखूनेही स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे.

आता फोनवरच्या मित्राचा प्रश्न. रक्त खरोखर आम्लधर्मी होतं का? होतं. इन्सुलिन फार कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, किटोन आम्लं साचतात, सामू 7.3 च्या खाली जातो. माणूस ओकतो, जोरजोरात श्वास घेतो, गुंगीत जातो. त्याला अतिदक्षता विभाग लागतो, आणि तिथे उपाय म्हणजे सलाइन आणि तेच इन्सुलिन. म्हणजे अल्कलाइन पाण्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडणारा माणूस ज्या आम्लाला भितो, तेच ओढवून घेतो. ‘द पीएच मिरॅकल’ हे पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकन गृहस्थाला 2016 साली तिथल्या न्यायालयात विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. ग्रुपवर येणारे बरेच संदेश त्याच विचारांचे आहेत.

तेव्हा चार गोष्टी घरी घेऊन जा.

पहिली, पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, वाकून बसलं की किंचित बरं वाटतं, तर सोडा नको, दवाखाना. आणि घाम फुटून छाती-पोट दाटलं तर ते हृदयाचंही असू शकतं. आधी ईसीजी, मग पित्ताचा विचार.

दुसरी, पित्ताची गोळी महिनोन्‌महिने मनाने घेऊ नका. जठरातल्या अनेक व्रणांचं कारण एक जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. त्यावर ठरावीक दिवसांचं औषध असतं. बीपी असलेल्यांनी रोज सोडा घेऊ नये, त्यातून सोडियम जातं.

तिसरी, पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि सोबत वजन उतरत असेल, कावीळ दिसत असेल, तर नुसती गोळी घेऊन थांबू नका, पोटाची तपासणी करा.

चौथी, शुगरचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. माझा नंबर ग्रुपवर आहे. रात्री दोनला फोन केला तरी चालेल, मी रागावणार नाही.

ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, ताक हे आपलं जेवण चांगलंच आहे. पण ते पोटासाठी चांगलं आहे, सामूसाठी नव्हे. सामू सांभाळायला शरीर समर्थ आहे. आपण दारू, तंबाखू आणि ‘उद्या बघू’ या तिघांपासून स्वादुपिंडाला वाचवलं, तरी पुष्कळ झालं.

आपण दहावीला होतो तेव्हा मालेगाव अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. जिल्हा बदलला, आपण पांगलो, तरी आज एकमेकांना ‘अबे’ म्हणून हाक मारतो आहोत. पुढच्या मेळाव्याला इथली एकही खुर्ची रिकामी दिसू नये, एवढ्यासाठीच हा विषय घेतला.